पहिला वाटा

होडी किनाऱ्याला लागल्याचा गलका झाला आणि मी तिसऱ्यांदा अंगण झाडायला घेतलं.

"बस की गो जरा," खाटेवरून नवरा म्हणाला.

कशी बसू? त्याची कंबर कामातून गेली आणि यंदा आमची होडी विकली. ज्या घरी होडी नाही, त्या घरी कालवणापुरती मासळी पोचवायची, ही आमच्या कोळीवाड्याची रीत. वीस वर्षं मीच वाटा पोचवत होते, शेजारच्या विधवा गोमीमावशीला. आज तिच्या मुलाची नवी होडी पहिल्यांदा मासळी घेऊन आली होती. वाटा आला तर मान खाली घालावी लागणार, नाही आला तर त्याहून जास्त. शिवाय मी काय द्यायचे, ते मला आठवत होतं. पापलेटं बाजाराच्या टोपलीत जायची, मावशीच्या ताटात पोट फुटलेली मांदेली.

मावशी ताट घेऊन दारात आली. वरचं केळीचं पान मी उचललं. चार पापलेटं, तळहाताहून मोठी.

"मावशी, ही तर बाजाराची."

"असू दे." ती जायला वळली, मग उंबऱ्याशी थांबली. "पोट फुटलेलं एकही नाही गो. मी एकेक बघून घेतलंय."