अंजनाबाईचा नंबर

शेतात धानाची रोवणी करताना श्रीहरीला साप चावला. बैलबंडीतून तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. व्हरांड्यात वीसेक माणसं आधीच बसली होती. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन अंजनाबाई सगळ्यांच्या मागे टेकली.

"झोप येऊन राह्यली मले," तो जड जिभेनं म्हणाला आणि त्याचे डोळे मिटले. दुखणं उतरलं असेल, असं वाटून तिला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात नर्सबाई रांग ओलांडून आली. तिनं त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि स्ट्रेचर मागवलं.

"आमचा नंबर तं मांगं हाय, बाई," अंजनाबाई संकोचून म्हणाली.

"इथी नंबरानं नाई घेत. ज्याच्यापाशी वेळ कमी, त्याले आधी घेतो."

लोकांनी वाट करून दिली. स्ट्रेचरमागे धावताना अंजनाबाईला वाटलं, आपला नंबर शेवटचा असता तर किती बरं झालं असतं.