दारातला घडा

"साठ पूर्ण झालीत का?" दारावरच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"दात मोजून बघ," मेलिता म्हणाली. "सापडले तर."

अधिकारी दिफिलॉस ओशाळून बाजूला झाला. परक्या बाईला मयताच्या खोलीत शिरायचं तर साठी उलटलेली हवी, असा कायदा होता. कायदे देणाऱ्या म्हाताऱ्याने काही म्हणून सोडलं नव्हतं. मयतावर कापडं किती, रडायचं किती, अंजिराचं झाड शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब, सगळं गोल फिरणाऱ्या लाकडी तुळयांवर कोरून घेतलं. मग कोणी बदल मागू नये म्हणून स्वारी दहा वर्षं देशच सोडून गेली. आता म्हाताऱ्याची राखसुद्धा उरली नव्हती, पण अथेन्स अजून त्याच तुळया फिरवून वाचत होतं.

उंबऱ्याशी पाण्याचा घडा होता, मयताला येऊन गेलेल्यांनी हात धुवायला ठेवतात तसा. काठाला टवका, मूठ वाकडी. विहिरीवर बायका या घड्यावरून या घरच्या आर्खिप्पीची रोज थट्टा करायच्या. मेलिता त्याच्याकडे बघत क्षणभर थांबली आणि आत गेली. मागोमाग युथिमॉस कुंभार आला.

खाटेवर थ्रासोन निजला होता. अंगावर कायद्याप्रमाणे तीनच कापडं, पाय दाराकडे. उशाशी त्याची बायको आर्खिप्पी बसली होती.

"काल जेवताना घास अडकला," ती म्हणाली. "बघता बघता गेले."

आणि आज त्याच्यावर फिर्याद व्हायची होती. मेलिताचा एकुलता एक मुलगा लीकॉन भर बाजारात त्याच कायदेवाल्या म्हाताऱ्याच्या जुलमाविरुद्धच्या कविता म्हणायचा. अथेन्सवर जुलूम करणाऱ्या जुन्या धन्याला त्या झोंबायच्या. त्याच्या पहारेकऱ्यांचा नाईक हा थ्रासोन. त्याने पोराला मरेस्तोवर मारवलं. गेल्या महिन्यात धनी पळाला. आता अन्याय झालेल्याच्या वतीने कोणीही नागरिक उभा राहू शकत होता, हाही म्हाताऱ्याचाच कायदा. मेलिताच्या घरात पुरुष उरला नव्हता, म्हणून युथिमॉस उभा राहणार होता. पण मेलेल्यावर फिर्याद कसली करणार?

मेलिता पायथ्याशी उभी राहिली.

"थ्रासोन, तू भेकड आहेस. एका पोराला सहा जणांनी धरलं आणि तू दाराआडून बघत होतास. आईने नाव ठेवलं थ्रासोन, म्हणजे शूर. बिचारीची फसगतच झाली."

"दिफिलॉस, नुसता ऐकत काय उभा राहिलास?" आर्खिप्पी म्हणाली.

"बाई, तोंड आवर," दिफिलॉस म्हणाला. "मेलेल्याला वाईट बोलायचं नाही, असा कायदा आहे. मला तुलाच न्यायासनापुढे न्यावं लागेल."

"ने की. मला तिथेच बोलायचंय."

"तुझा मुलगा ज्याच्या कविता म्हणायचा, त्याचाच कायदा मोडतेस?" आर्खिप्पीने टोमणा मारला.

मेलिताचा आवाज पहिल्यांदाच कापला. "त्या कवितांपायी माझं लेकरू गेलं. त्या म्हाताऱ्याचं एक अक्षर मी मोडायची नाही."

मग ती कुंभाराकडे वळली. "युथिमॉस, हा जिवंत असता तर फिर्याद घातली असतीस?"

"आत्ता, इथे, दिफिलॉससमोर."

"मग घाल."

"अगं, शुद्धीवर आहेस ना?"

मेलिता सावकाश खाली बसली.

"आर्खिप्पी, मयत झालेल्या घराचं पाणी विटाळतं. म्हणून दारात शेजारच्या घरचा घडा ठेवतात. तू आपलाच ठेवलास. शेजारणीकडे मागायला जीभ रेटली नाही ना?"

आर्खिप्पीने पुढे होऊन खाटेवरचं कापड घट्ट धरलं.

मेलिताने पायांवरचं कापड बाजूला सारलं आणि मयताच्या तळव्यावरून हलकेच नख ओढलं.

पाय झटकन आत गेला.