शुक्रवारची हाक

नुहाने तिसऱ्यांदा बेल दाबली, तेव्हा कुठे आतून किल्ली फिरली. दार वीतभर उघडलं. फटीत पंचविशीतली एक मुलगी उभी होती.

"श्रम खात्याकडून आलेय," नुहाने ओळखपत्र पुढे धरलं. "झेनेबेच तूच ना? इथिओपियाची?"

मुलीने मान हलवली. तिचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"कोण आहे गं, झेना? आत तरी घे!" आतून एका म्हातारीचा, पण ठणठणीत आवाज आला. "माणूस आलंय आणि तू दारात काय उभी राहतेस?"

तक्रार समोरच्या इस्त्रीवाल्याची होती. चौथ्या मजल्यावरच्या बंद झडपांमागून दर शुक्रवारी कुणीतरी बाई 'दार उघडा, दार उघडा' म्हणून हाका मारते आणि दुपारपर्यंत थकून गप्प होते, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. "मोलकरणीला कोंडून मालकीण भटकायला जात असणार," तो म्हणाला होता. "दुसरं काय!"

दुसरं काय, असंच नुहालाही वाटलं. अम्मानमध्ये लोक घराबाहेर पडताना गॅस बंद करतात, तसंच मोलकरणीला कोंडतात. त्यात आपलं काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नसतं. गेल्या वर्षी अशाच एका घरात नुहाने तपासणीच्या सगळ्या रकान्यांत 'होय' लिहिलं होतं. नवव्या दिवशी तिथली मुलगी गच्चीवरून पडली. त्या मुलीचं नाव नुहा अजून विसरली नव्हती. आज असं होऊ द्यायचं नाही, हे ती ठरवूनच आली होती.

घराची मालकीण उम्म रामिझ सोफ्यावर बसली होती. सत्तरी ओलांडलेली, केस नीट विंचरलेले. तिने नुहाचा हात धरून तिला जवळच बसवून घेतलं.

"झेना, कॉफी टाक. वेलची सढळ हाताने घाल, सरकार आलंय घरी!" मग नुहाकडे वळून म्हणाली, "बाजारात अकीदिन्याची फळं आली का गं?"

"ढीग लागलेत, खाला."

"पिवळी झाली? केवढी आहेत?"

नुहाने बोटांनी दाखवलं. म्हातारी त्या बोटांकडे बघत राहिली. तपासणीला आलेल्या माणसाला लोक असंच गोड बोलून गुंतवतात, हे नुहाला अनुभवाने ठाऊक होतं. तिने हात सोडवून घेतला.

"हिला कामावर कुणी ठेवलं?"

"माझ्या रामिझने. कॅनडात असतो. तिथे बसून इथला कायदा पाठ करतो हो! तो बघ, फ्रिजवर चिकटवून घेतलाय. आईचा वाढदिवस विसरेल, पण एक कलम विसरायचा नाही."

ती स्वतःच हसली. झेना हसली नाही.

नुहा पिशवीतून तपासणीच्या प्रश्नांचा कागद काढून झेनाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"पासपोर्ट कुणाकडे आहे?"

झेनाने स्वतःच्या पिशवीतून काढून दाखवला.

"फोन?"

तोही तिच्याच खिशात होता.

"आठवड्याची सुट्टी मिळते?"

"मिळते, मॅडम. पूर्ण दिवस."

"आणि घराची किल्ली?"

झेनाने गळ्यातला दोरा वर ओढला. टोकाला किल्ली होती. "एकच आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेच असते."

सगळी उत्तरं कशी तोंडपाठ, आणि नजर मात्र फरशीवर. गेल्या वर्षीची ती मुलगीसुद्धा अशीच फरशीकडे बघून बोलली होती.

तिने घर फिरून पाहिलं. दाराशी चपलांचा एकच जोड होता, झेनाचा, टाचा झिजलेला. म्हातारीचे जोडे कपाटावर खोक्यात ठेवलेले, तळव्यांना मातीचा कणही नाही. पैसेवाल्यांकडे जोडेही शोभेला असतात, नुहा मनाशी म्हणाली. मग तिने बाहेरचं दार आतून पाहिलं. कुलपाभोवतीचा रंग खरवडून निघाला होता. नखांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

ती तशीच स्वयंपाकघरात परतली, दार पुन्हा लोटलं आणि झेनाचे दोन्ही खांदे धरले.

"हे बघ, कुणी काय पढवलंय ते विसर. पासपोर्ट घे आणि आत्ता माझ्याबरोबर चल. सामान नंतर आणू. तुला पुन्हा कुणी कोंडणार नाही."

झेनाला रडू फुटलं.

"मी साहेबांना नाही म्हटलं होतं, मॅडम."

"कशाला नाही म्हटलं होतंस?"

"एकदा माझ्या सुट्टीच्या दिवशी आई एकट्याच बसने सल्तला गेल्या. मोठ्या साहेबांच्या कबरीवर. यायला संध्याकाळ झाली. रामिझसाहेब फोनवर मला खूप बोलले. म्हणाले, कायद्याने किल्ली तुझ्याकडे हवी ना, मग तूच ठेव. जाताना बाहेरून लावून जात जा."

नुहाचे हात खाली आले.

"तुझी सुट्टी कुठल्या दिवशी असते?"

"शुक्रवारी."

लोटलेलं दार हळूच उघडलं. उम्म रामिझ भिंतीला धरून उभी होती. मघाचा ठणठणीत आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

"तो प्रश्नांचा कागद आणखी एक असेल ना तुझ्याकडे?" ती म्हणाली. "तेच सगळं मलाही विचार, बाळा. किल्लीपासून सुरू कर."