जासिबला बागिल्ला चालतो का

रिहाबचा साखरपुडा झाला त्या वर्षीची गोष्ट. रमजानच्या आधी लग्न उरकायचं ठरलं होतं, आणि रमजानच्या आधीचा शाबान महिना लागता लागता तिच्या बापाच्या, जासिबच्या तळपायात होडी दुरुस्त करताना गंजका खिळा घुसला. त्यानं चिंधी बांधली आणि कामाला लागला. आठवड्याच्या आत तो बसऱ्याच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात पडला होता. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं.

काचेच्या दाराबाहेर त्याची बायको बद्रिया उभी होती. बाकावर होणारी विहीण, उम्म फलाह, म्हणजे नवऱ्या मुलाची, फलाहची आई, मांडीवर औषधाचा खोका घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान. अशा रोग्याला व्हिटॅमिन सी शिरेतून भरपूर देतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं, आणि न मागता खोका पाठवून दिला होता.

तरुण डॉक्टरीण, इंतिसार तिचं नाव, बाहेर आली. तिनं खोका उघडून काचेच्या कुप्या पाहिल्या.

"मावशी, खरं सांगते, याचा गुण येतोच असं नाही. कुठं आला म्हणतात, कुठं नाही. पण त्यांचा रक्तदाब कशानंच वर येईना, तेव्हा देऊन बघू. एकच सांगा. त्यांना बागिल्ला चालतो ना? रक्त तपासायला पाठवलं तर निकाल उद्या येणार, तेवढी सवड नाही."

"चालतो की," बद्रिया म्हणाली. "तव्यावरची अंडी घालून ताटभर खातो."

हे उत्तर तिच्या जिभेवर वीस वर्षं तयार होतं.

"मग काळजी नाही," कुप्या उचलून आत जाता जाता इंतिसार म्हणाली. "ज्यांना त्या शेंगा बाधतात ना, त्यांचं रक्त या औषधानंही फुटतं. आताच्या अवस्थेत ते वाचायचे नाहीत."

दार बंद झालं.

जासिबनं जन्मात एकदाच बागिल्ला, तो घेवड्यासारखा शेंगांतला दाणा, खाल्ला होता, लहानपणी. अंग हळदीसारखं पिवळं पडलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. हे दुखणं बापाकडून लेकीच्या रक्तात उतरतं आणि तिच्या पोरांना छळतं, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक. ज्या घरात बागिल्ला शिजत नाही त्या घरची मुलगी लोक दहादा विचार करून करतात. म्हणून दर वसंतात बद्रिया टोपलीभर शेंगा आणायची, उंबऱ्यात बसून सोलायची, टरफलं मुद्दाम दाराबाहेर टाकायची. दाणे गुपचूप बहिणीच्या शेळ्यांना जायचे.

काचेतून नर्सची पाठ दिसत होती. ती एकेक कुपीची मान मोडत होती आणि औषध सलाईनच्या बाटलीत सोडत होती.

"बस गं जरा," उम्म फलाह म्हणाली. "अशी काय पांढरी पडलीस? संत्र्यात असतं ते व्हिटॅमिन. संत्र्याच्या रसानं कधी कुणी मेलंय? आणि आमच्या म्हाताऱ्यानं फुकट दिलंय म्हणजे काहीतरी मोठंच समज. त्याच्या हातून खोकल्याची गोळी सुटत नाही."

बद्रिया हसली नाही. नर्सनं बाटली खांबाला टांगली. नळी सरळ केली. जासिबच्या हाताकडे वाकली.

बद्रियानं काचेवर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारली.

इंतिसार तडक बाहेर आली. "मावशी, आत माणसं मरणाच्या दारात आहेत. काय चाललंय?"

"ते औषध नका देऊ."

"का?"

"मला भीती वाटते."

"भीती वाटते म्हणून औषध थांबवता येत नाही. कारण सांगा."

बद्रियानं तिला कोपऱ्यात ओढायला पाहिलं, तर उम्म फलाहही काळजीनं उठून मागोमाग आली. बद्रियाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हिचं नका मनावर घेऊ, डॉक्टर. बिचारी झोपलेली नाही. तुम्ही द्या."

तो हात खांद्यावर तसाच असताना बद्रिया बोलली.

"त्याला बागिल्ला चालत नाही. लहानपणी मरता मरता वाचला होता."

इंतिसार आत धावली. काचेपलीकडे तिनं स्वतः नळी बंद केली, सुई काढली, बाटली खाली घेतली. नळीतून किती थेंब गेले होते कोण जाणे, फार नसावेत. परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता आणि जास्तच लागत होता.

"मघाशी विचारलं तेव्हा काय झालं होतं?"

"मघाशी ही शेजारी होती," बद्रिया म्हणाली.

उम्म फलाहचा हात खांद्यावरून निघाला. ती बाकावर जाऊन बसली. रिकाम्या खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"रिहाबला आहे?" तिनं विचारलं.

"तिला त्रास नाही. तिच्या मुलांना होईल, न होईल."

"फलाहला माहीत आहे?"

"नाही."

उम्म फलाहनं अबाया डोक्यावर ओढून घेतला. घरी मात्र गेली नाही.

फातिहाचे, म्हणजे दुखवट्याचे, तिन्ही दिवस ती बायकांच्या खोलीत दारापाशी बसली, येणारीजाणारीला पाणी देत. शेवटच्या दिवशी एका शेजारणीनं हळूच विचारलंच, की आता पोरीच्या लग्नाचं कसं.

"आधी चाळिसावा होऊ दे," उम्म फलाह म्हणाली.

जासिब शाबान महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी वारला. खिळ्याच्या विषानं वारला, औषधानं नाही.