चाळीस खोटे कण

सरांनी पाकीट फाडलं, आतला आकडा वाचला आणि पोट धरून हसायला लागले.

"चाळीस! अगं, तुझ्या एकसष्टातले चाळीस तर मीच घातलेत!"

बैठकीच्या खोलीत खसखस पिकली. शेंडेफळाचं तोंड एवढंसं झालं. गटातली ती सगळ्यात धाकटी, म्हणून हे नाव. शिशाची अणुकेंद्रं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळतात, तेव्हा हजारो साध्या कणांच्या गर्दीत क्वचित एखादा 'विचित्र' कण जन्माला येतो. असे कण शोधण्यात तिची चार वर्षं गेली होती. उरलेल्या एकवीस कणांवर डॉक्टरेट सोडाच, शाबासकीही मिळाली नसती.

सरांची ही जुनी खोड. टकरींच्या नव्या नोंदी आल्या की त्यांत गुपचूप थोडे खोटे कण मिसळायचे आणि किती मिसळले तो आकडा पाकिटात बंद करायचा. शोधणारा हुरळून जातो की ताळ्यावर राहतो, ते बघायचं. पद्धत चांगलीच आहे हो, पण सरांना त्यात जरा जास्तच मजा यायची.

"घाई नडली तुला," सर म्हणाले. "माझंच बघ. गेल्या वर्षीच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, त्यांत विचित्र कण सापडले, सोमवारी लेख मासिकाला पाठवूनही मोकळा झालो. अनुभव म्हणतात तो हा!"

शेंडेफळाला रडूच फुटणार होतं. पण चाळीस खोटे कण आपल्याला ओळखता आले नाहीत, हे काही केल्या तिच्या पचनी पडेना. तिनं नाक ओढलं आणि लॅपटॉप पुढे घेतला. कोणत्या फाइलमध्ये कोणी कधी हात घातला, याची नोंद संगणक ठेवतोच.

तिनं एकदा पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

"सर, माझ्या फाइलला कोणी हातच लावलेला नाही. तुम्ही ते चाळीस मिसळलेत गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये."

मागे कोणाला तरी एकदम खोकला आला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्क्रीनवरचं फाइलचं नाव काही बदललं नाही.

"अरे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्या मासिकाच्या संपादकांचा फोन नंबर आहे का कोणाकडे?"