चित्र येतंय

कवळीवाला काही तिच्या गेलेल्या वडिलांच्या खुर्चीत बसेना. स्वयंपाकघरातलं स्टूल त्याने स्वतःच उचलून आणलं आणि संगणकाच्या बाजूला जरा तिरकं ठेवून त्यावर टेकला.

तो तिला आज पहिल्यांदाच भेटत होता. वडिलांना तर कधीच भेटला नव्हता. अकरा वर्षं दोघं मेलवर भांडत एक जुना खेळ नव्याने बांधत होते. हातात कंदील घेतलेला एक बुटका खाणीत उतरतो, किल्ल्या गोळा करतो, एकेक मजला करत खाली जातो. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून खेळाच्या टप्प्यांनाही ते मजलेच म्हणत. हा माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून हा कवळीवाला.

मूळ खेळाचे पहिले तीन मजले फुकट मिळत, पुढचे सात विकत. वडिलांनी आयुष्यात ते तीनच पाहिले. बाकीच्यांचे नकाशे कवळीवाल्याने पाठवले, दगड अन् दगड मोजून. साच्यात जे आहे तेच तोंडात बसलं पाहिजे, असा त्याचा धंदा.

“हा खेळ नुसता उतरवून घेऊन गेलो असतो, ताई,” खिशातली छोटी डिस्क टेबलावर ठेवत तो म्हणाला. “पण सातव्या मजल्यावर एक अडचण आहे. तुम्हाला न विचारता तिला हात लावणं बरं नाही.”

त्याने खेळ सुरू केला. बुटका शिडीवरून उतरला, किल्ली उचलून एका दालनात शिरला आणि थबकला. समोर जमिनीवर एक राखाडी चौकोन होता. खाली रोमन अक्षरांत एक ओळ उमटली. पुढे काही होईना.

या जागी एक चित्र हवं, ते मिळाल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, असं वडिलांनी लिहून ठेवलंय, कवळीवाला सांगत होता. मूळ खेळात हे दालन रिकामं. तसं त्याने वडिलांना कळवलंही होतं, नकाशासकट. बाकी प्रत्येक बाबतीत ते त्याचं ऐकायचे, इथे मात्र हटून बसले. चार वर्षं सगळं काम इथेच अडलेलं. विचारलं की एकच उत्तर यायचं, थांबा, चित्र येतंय.

“आणि ही खालची ओळ बघा. शेअरवेअर लिहायचं असणार. फुकट वाटायच्या खेळांना तसं म्हणायचे. तर स्पेलिंग चुकवलंय, मधे जागा सोडलीय, वर प्रश्नचिन्ह. मी दोनदा कळवलं. शेर म्हणजे धान्य मोजायचं माप का, असंही विचारलं. खाणीत मापाचं काय काम?”

ती ओळ वाचत राहिली. शेर वेअर?

तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेत नुकतंच शिकवलं होतं, वेअर म्हणजे कुठे. खेळ सुरू होताना वडिलांनी पडद्यावरचा मोठा शब्द वाचून दाखवला, आणि तिला तो असा ऐकू आला. मग सिंह शोधत तिने तिन्ही मजले पालथे घातले. शेर काही सापडला नाही. ती रडकुंडीला आली तेव्हा वडील म्हणाले होते, “खालच्या मजल्यावर असेल.”

“स्पेलिंग बरोबर आहे, काका,” ती म्हणाली.

कवळीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला. “ही अट खोडली की खेळ चालू होतो. उरलेले तीन मजले मी बांधीन. खोडू?”

ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. वडिलांनी फोनवर तीनदा विचारलं होतं, एक शेर काढून देशील का, छोटासाच. पहिल्यांदा तिचं पुस्तक छपाईला जायचं होतं. दुसऱ्यांदाही असंच काहीतरी. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, घाई नाही. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

“केवढं चित्र लागतं?”

“बत्तीस ठिपके रुंद, बत्तीस उंच. रंग सोळाच. येणाऱ्याला पाच मिनिटांचं काम.”

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि बसली. खुर्ची वडिलांच्या उंचीची होती, तिचे पाय धड टेकत नव्हते. कवळीवाल्याने चौकटी आखलेला पांढरा चौकोन उघडून दिला. तिने एकेक ठिपका भरला. आधी पिवळा, मग आयाळीला तपकिरी, डोळ्यांना दोन काळे. शेपूट मावेना, म्हणून ती पायांशी वळवून घेतली.

खरंच पाचच मिनिटं लागली.

बुटका पुन्हा शिडी उतरला, किल्ली उचलली, दालनात शिरला. राखाडी चौकोनाच्या जागी शेर बसला होता.

“मुळात हा नाही,” कवळीवाला हळू म्हणाला. मग चष्मा वर सरकवून जवळून बघत म्हणाला, “पण बसलाय चपखल.”

बुटका शेराच्या बाजूने पुढे गेला. पलीकडचं दार उघडलं. दाराबाहेर काळं होतं. तिथे अजून काही बांधलेलंच नव्हतं. ती मात्र पडद्याच्या तळाशी पाहत होती. तिथेही आता काही नव्हतं.

“काका, ती खालची ओळ परत आणता येईल?”

“येईल की,” कवळीवाला म्हणाला. “चित्र पुसलं की येते.”