काही म्हणणं नाही

"वाचून दाखवा, भाऊ," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

लाँड्रीच्या हेडक्लार्कने चष्मा लावला. ही तिसरी नोटीस होती. सही झाली की मावशी उद्यापासून घरी.

"इंग्रजीत आहे. 'टॉक्ड बॅक टू द मॅनेजर.'"

"म्हणजे मी काय केलं?"

"उलट बोललात."

"अहो, त्यांनीच विचारलं, चादरी का राहिल्या? मी सांगितलं, बॉयलर दोन दिवस बंद आहे, वाफ नाही, इस्त्री कशाने मारू? विचारलं त्याचंच उत्तर दिलं. ते उलट कसं?"

हेडक्लार्कने मान खाजवली. तीस वर्षं हे शब्द टाइप करून बोटं झिजली होती, पण अर्थ कोणी विचारला नव्हता. "ते कोणाला बोललं यावर असतं, मावशी. वरच्याला बोललं की टॉक बॅक."

"आणि ते मला सगळ्यांदेखत कामचुकार म्हणाले, वाट्टेल ते बोलले, ते?"

"ते नुसतं बोलणं. त्याला वेगळा शब्द नाही."

मावशींना हसू येणार होतं, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. बोटावर भाजल्याचा जुना डाग होता.

"हे काय?"

"तुमचं म्हणणं."

"माझं? मी तर अजून तोंडही उघडलं नाही. काय म्हणणं आहे माझं?"

तो ओशाळला. "'काही नाही.' आम्ही आधीच टाइप करून ठेवतो. कोणी काही म्हणतच नाही ना."

"मी म्हणतेय. बॉयलर बंद होता, एवढंच लिहा आणि खुशाल सही घ्या. पण कामचुकार म्हणवून घेऊन मी घरी जायची नाही."

नोटिशीच्या फॉर्मवर खाडाखोड चालत नसे आणि कोरे फॉर्म मॅनेजरच्या कपाटात असत. हेडक्लार्कच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, एक कोरा फॉर्म हवाय."

"कशाला?"

"मावशींचं म्हणणं लिहायचंय. आणि साहेब, बॉयलर खरंच बंद होता."

मग कपाट उघडल्याचा आवाज मावशींना बाहेर स्टुलावर ऐकू आला.

"दोन घ्या," साहेब म्हणाले. "एक तुमच्या नावाने."